पिंजायची राहिलेली गादी

नांदेडहून नायगावकडे आणि पुढे नरसीच्या फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याला दोन प्रकारच्या गाद्या दिसतात. एक विकायला ठेवलेल्या. टेम्पोत नाही तर ताडपत्रीच्या पालापुढे एकावर एक रचलेल्या, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, फुलाफुलांच्या खोळींच्या. दुसऱ्या टाकून दिलेल्या. पुलाच्या कठड्याखाली, बाभळीच्या बुडाशी, गावाच्या शिवेवर, बसस्थानकामागच्या नालीत. पहिल्या गाद्यांपाशी लोक थांबतात, भाव करतात. दुसऱ्यांकडे कुणी बघत नाही. मला मात्र काही वर्षांपासून या दुसऱ्या गाद्या दिसल्या की थांबून बघायची सवय लागली आहे, आणि हा लेख त्या सवयीतून झाला आहे.

गादी कुठे पडली आहे, यावरून ती का पडली हे बरंचसं कळतं. स्मशानाच्या वाटेवर किंवा शिवेच्या ओढ्याकाठी एकटी पडलेली, उशीसकट असलेली गादी मयताची असते. आपल्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवत नाहीत. काही घरांत बाराव्या-तेराव्याला शय्यादान होतं, त्यात गादी, उशी, चादर, छत्री, चपला असं सगळं नवं घेऊन दान करतात. मात्र ज्या गादीवर शेवटचा श्वास गेला ती गावाबाहेर जाते. खूप दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाची गादी लगेच ओळखू येते, कारण मध्यभागी दबलेली आणि कडेला तशीच उंच राहिलेली असते. ओढ्याच्या वळणावर झुडपात अडकलेली, चिखलाने काळी पडलेली गादी पुराची. आणि ऐन दिवाळीच्या आधी, वस्तीतल्या कोपऱ्यावर, जुनी केरसुणी, फुटकी बादली आणि विटलेला पडदा यांच्या सोबतीला पडलेली गादी कुणाच्या घरी नवी आली म्हणून बाहेर आलेली असते.

या तिसऱ्या प्रकारची गादी आमच्या लहानपणी रस्त्यावर नव्हती. मयताची गादी होती, पुराची होती. पण जुनी झाली म्हणून टाकलेली गादी नव्हती, कारण कापसाची गादी जुनी झाली म्हणजे संपली असं कुणी मानत नव्हतं. ती उसवायची, रूई बाहेर काढायची, पिंजायची, थोडी नवी रूई घालायची आणि धुतलेल्या खोळीत परत भरायची. एका गादीचं आयुष्य असं वीस-पंचवीस वर्षं सहज चालायचं. लेकीच्या आंदणात दिलेली गादी नातवंडांच्या खाली यायची, तीही गादी म्हणून नाही तर दोन लहान गाद्या आणि चार उश्या होऊन.

हे काम पिंजारी करत. नांदेड जिल्हा तेलंगणाला लागून आहे. नायगावपासून बिलोली, देगलूर, धर्माबाद ओलांडलं की पलीकडे याच कामाच्या लोकांना दुदेकुला म्हणतात, कर्नाटकात नदाफ, उत्तरेत मन्सुरी किंवा धुनिया. हैदराबाद संस्थानात मराठवाडा, तेलंगणा आणि कर्नाटकाचा काही भाग एकाच राज्यात होता. त्यामुळे मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी या चारही बोलींत गादीचा भाव करू शकणारी माणसं या जमातीत असत. संत दादू दयाळ हेही कापूस पिंजणाऱ्यांपैकी होते, अशी परंपरा सांगते. महाराष्ट्रात हा समाज इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची जी चळवळ उभी केली, तिच्यात विणकर, बागवान, अत्तार यांच्याबरोबर पिंजारीही होते. हिंदूंच्या घरोघरी अंगणात बसून काम करणारा, पण गावच्या बलुतेदारांच्या पंगतीत क्वचितच मोजला जाणारा असा हा कारागीर.

त्याचं हत्यार म्हणजे पिंजण. साडेपाच-सहा फूट लांबीचं लाकडी धनुष्य, त्याला जनावराच्या आतड्याची वळलेली तात. धनुष्य अंगणातल्या आढ्याला किंवा झाडाच्या फांदीला दोरीने टांगायचं म्हणजे वजन हातावर येत नाही. डाव्या हाताने ते रुईच्या ढिगावर धरायचं आणि उजव्या हातातल्या लाकडी मोगरीने तातेवर ठोका द्यायचा. तात थरथरते. थरथरताना ती रुईतले धागे पकडते आणि पुढच्या ठोक्याला दूर फेकते. गुठळी सुटते, कचरा आणि सरकीचे तुकडे जड असल्याने खाली पडतात, आणि धागे हलके होऊन पलीकडे साचत जातात. दुपारपर्यंत अंगणात एवढा ढीग होतो की एवढी रूई त्या चपट्या गादीत मावली होती यावर विश्वास बसत नाही.

गादीचा मऊपणा रुईत नसतो, रुईत अडकलेल्या हवेत असतो, हे पिंजाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. रोज रात्री माणसाचं वजन आणि घाम यांनी ती हवा निघून जाते, धागे एकमेकांना चिकटून गोळे होतात. ऊन दिल्याने ओल जाते आणि गादी थोडी फुगते. म्हणूनच घट बसायच्या आधी मराठवाड्यात घरोघरी दसरा काढतात तेव्हा गोधड्या नदीवर जातात आणि गाद्या माळवदावर. या उन्हाचा आणखी एक उपयोग आपल्या आज्यांना ढेकणांपुरता माहीत होता. १९६४ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की घरातल्या धुळीने होणाऱ्या दम्यामागे अंथरुणात राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, आणि त्यांना जगायला ओल लागते. पण उन्हाने गोळे सुटत नाहीत. त्यासाठी दोन-तीन वर्षांनी पिंजावंच लागतं. दर वेळी थोडी रूई धूळ होऊन जाते, आणि तेवढीच नवी घालायची असते.

भरण्याचं काम पिंजण्याहून नाजूक. खोळ उलटी करून जमिनीवर पसरायची, तिच्यावर रुईचे थर द्यायचे, कोपऱ्यांत मुठीने दाबून भरायचं, मग एका बाजूने गुंडाळत नेऊन खोळ उलटवायची म्हणजे रूई आपोआप आत जाते. नंतर काठीने बडवून सारखं करायचं आणि दाभणाने टाके घालायचे. टाके जवळजवळ पडले तर गादी कडक होते, लांब पडले तर रूई सरकते आणि मध्ये खळगा पडतो. कडेची जाड शिवण, जिच्यामुळे गादीचा काठ उभा राहतो, ती पाहून जुन्या बायका पिंजाऱ्याचा हात ओळखत.

आता कापसाचा हिशेब मांडू, कारण गादी रस्त्यावर येण्याचं मोठं कारण तिथे आहे. एका माणसाच्या बऱ्यापैकी गादीला सात-आठ किलो रूई लागते. क्विंटलभर कापूस जिनिंगला नेला की साधारण एक तृतीयांश रूई निघते, बाकीची सरकी. म्हणजे आठ किलो रुईसाठी चोवीस किलो कापूस. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. चोवीस किलोचे झाले सुमारे १,९०० रुपये. सरकीचे पैसे परत येतात हे खरं, पण जिनिंग, पिंजाई, खोळ आणि शिलाई पुढेच आहे. दुसरीकडे रस्त्यावरच्या टेम्पोत अख्खी तयार गादी त्याहून कमी पैशांत मिळते. त्या भावात आठ किलो रूई घालणं कुणालाही शक्य नाही. मग आत काय असतं, ते पुढे सांगतो.

घरच्या कापसाची गोष्ट वेगळी होती. त्याचा भाव कुणी करत नसे. शेवटच्या वेचणीचा, डागी, किडका, बाजारात कमी मोल येणारा कापूस बाया बाजूला ठेवत आणि दोन-तीन वर्षांचा साठला की गादी होई. बहुतेक देशी वाणांचा धागा आखूड आणि जाडाभरडा, सूतगिरणीला तो फारसा नको असे, पण गादीत तोच टिकतो, कारण दाबला तरी परत उसळतो. निजामाच्या काळात या भागातली गावरानी रूई मात्र बाजारात नावाने ओळखली जाई. नांदेडला उस्मानशाही मिल होती, नंतर ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि अखेर बंद पडली. नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्राने दिलेला ‘नांदेड ४४’ हा संकरित वाण १९८४ साली प्रसारित झाला आणि मराठवाड्यात, विदर्भात घरोघर पोचला. जिल्ह्याच्या नावाचं बियाणं असं राज्यभर गेल्याची उदाहरणं थोडीच असतील. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, खासगी कंपन्यांचे वाण आले आणि ‘नांदेड ४४’ मागे पडला.

पण कापसाहून मोठा बदल सोयाबीनने केला. लातूरचा बाजार सोयाबीनचा भाव ठरवू लागला आणि नायगाव, बिलोली, मुखेडच्या शेतांतही सोयाबीन पसरलं. तीन-साडेतीन महिन्यांत येणारं, वेचणीची कटकट नसलेलं आणि मागे हरभऱ्याला रान मोकळं करून देणारं पीक शेतकऱ्याने घेतलं यात त्याचं काही चुकलं नाही. पण त्याबरोबर घरातला न विकलेला कापूस संपला. ज्या घरात मूठभर रूई नाही त्या घराला पिंजाऱ्याचं काम उरत नाही.

पिंजाऱ्याकडेही तोवर यंत्र आलं होतं. काटेरी रूळ, मोटर आणि पट्टा. तासाभरात ते दिवसाचं काम करतं. मोगरीने हात आणि पाठ जात, यंत्राने छाती जाते, कारण बंद खोलीत उडणारा रुईचा धुरळा फुप्फुसात बसतो. तोंडाला फडकं बांधून काम करणारे आजही दिसतात, त्याहून अधिक संरक्षण मी कुठे पाहिलं नाही. यंत्राचा आणखी एक तोटा म्हणजे ते धागा तोडतं. तातेवर पिंजलेली रूई पाच-सहा वेळा पिंजता येई, यंत्रावरची तेवढी टिकत नाही. या जमातीतली पुढची पिढी शिकून, मेकॅनिक होऊन, दुकानं टाकून या धंद्यातून बाहेर पडली, आणि त्याचा आनंदच आहे. धुळीत खोकत मरण्यात कसली परंपरा जपायची? मला खंत आहे ती एवढीच की त्यांच्या हातातलं कसब दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं नाही.

त्यांच्या जागी फोम आला. पॉलियुरेथेन १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी तयार केलं. आपल्याकडे काथ्याला रबर चढवून केलेल्या गाद्या साठच्या दशकात शहरांत आल्या, ‘कर्लऑन’ १९६२ पासूनची. मग फोमच्या, मग स्प्रिंगच्या. नायगावसारख्या तालुक्याच्या ठिकाणी त्या पलंगाबरोबर आल्या, आणि पलंग लग्नाबरोबर आला. आज मुलीच्या लग्नात कपाट, पलंग, गादी हा एकच शब्द असल्यासारखा बोलला जातो. ज्यांना कंपनीची गादी परवडत नाही त्यांच्यासाठी टेम्पोतली. तिच्यात फोमचे तुकडे चिकटवून केलेली लादी असते, किंवा कापडाच्या चिंध्या यंत्रात फाडून केलेला करड्या-काळ्या रंगाचा भुगा. हरियाणातलं पानिपत या चिंध्यांच्या धंद्याचं मोठं केंद्र आहे. चिंधीचा पुन्हा उपयोग होणं वाईट नाही. आपल्या गोधड्या तरी कशाच्या असतात? पण गोधडीतलं लुगडं कुणाचं ते आपल्याला माहीत असतं. गादीतल्या भुग्याचं तसं नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी एका गादी कारखान्यावर छापा घातला. तिथे रुईऐवजी लोकांनी वापरून टाकलेले मास्क भरले जात होते. त्या वेळी कुणाच्या श्वासातला मास्क कुणाच्या पाठीखाली गेला असता याचा विचार आजही अस्वस्थ करतो. शिवलेली गादी कुणी उसवून बघत नाही, हाच त्या धंद्याचा भरवसा होता. पिंजारी मात्र दर दोन-तीन वर्षांनी ती सर्वांसमोर, अंगणात उसवत होता.

अशी गादी चार-पाच वर्षांत बसते आणि पिंजता येत नाही. मग ती बाहेर येते. घंटागाडीत ती मावत नाही, आणि मावली तरी ओला कचरा, सुका कचरा या दोन कप्प्यांत तिला जागा नाही. कापूस मातीत काही महिन्यांत कुजून जातो. फोम कुजत नाही, त्याचे फक्त तुकडे होतात आणि ते नाल्यात तुंबतात. जाळला तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. थंडीत कचऱ्याच्या ढिगाला काडी लावून शेकत बसणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. अमेरिकेत कनेक्टिकट राज्याने २०१३ साली कायदा केला. नवी गादी घेतानाच ग्राहकाकडून ठरावीक रक्कम घ्यायची आणि त्या पैशातून जुन्या गाद्या गोळा करून फोम, लोखंड, कापड वेगळं काढायचं. कॅलिफोर्निया आणि र्‍होड आयलंडही त्याच वाटेने गेले. आपल्याकडे जुन्या बॅटरी, टायर, प्लास्टिक यांच्यासाठी उत्पादकाची जबाबदारी कायद्याने ठरली आहे. गादीचा विचार त्यात यायला हवा.

पुराच्या गादीबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात ढगफुटीसारखा पाऊस झाला, लेंडी नदीच्या पाण्याने हसनाळ आणि आसपासची गावं रात्रीतून वेढली, माणसं गेली, गुरं गेली. सप्टेंबरमध्ये सगळ्या मराठवाड्यातच पाणी. पूर ओसरलेल्या गावात शिरलं की चिखलाच्या आधी गाद्या दिसतात. प्रत्येक दारापुढे एक, दोन, तीन. भिजलेली कापसाची गादी आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते, चार माणसांना उचलत नाही. ती दारातच सोडून द्यावी लागते. सूर्य निघायला आठवडा लागला की आत बुरशी धरते, मग पिंजूनही उपयोग नाही.

आपत्ती निवारणाच्या केंद्राच्या २०२५ मधल्या निकषांत, घर वाहून गेलं, पडलं किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिलं तर कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व घरगुती सामानासाठी २,५०० रुपये होते. पंचनाम्यात पत्रा, भिंत, शेळी, म्हैस, धान्य यांची नोंद होते. अंथरूण त्या ‘घरगुती सामाना’त विरघळून जातं. पाच माणसांच्या घरात पाच अंथरुणं घेतली तर या रकमेत दुसरं काही उरत नाही. आणि अंथरुणाचा प्रश्न इथे पुरापुरता नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसं अंथरुणातच होती. दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदं त्यांच्यावर आली, सुमारे दहा हजार माणसं गेली. जे अंगणात खाट टाकून झोपले होते ते वाचल्याच्या कहाण्या लातूर-धाराशिवकडे अजून सांगतात. कुठे झोपतो आणि कशावर झोपतो हा मराठवाड्यात जिवाचा प्रश्न झालेला आहे. तो पंचनाम्याच्या कागदावर वेगळ्या ओळीत यायला हवा, हे मी या लेखाच्या निमित्ताने आग्रहाने मांडतो.

ज्यांच्याकडे कधीच गादी नव्हती त्यांचंही सांगायला हवं. दिवाळीच्या आगेमागे मुखेड, कंधार, लोह्याच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रकमध्ये भांडी, पीठ, कोंबड्या, लेकरं आणि वाकळा. गादी नेत नाहीत, ती जड असते आणि कोपीत ओल असते. वाकळ धुता येते, वाळवता येते, पाठीवर घेता येते. रस्त्यावर टाकलेली बरी गादी फार दिवस तिथे राहत नाही हे मी पाहिलं आहे. वीटभट्टीवरचं, पालातलं कुणीतरी ती नेतं. मयताची मात्र सहसा कुणी उचलत नाही. ती उन्हापावसात फाटते, तिच्यातली रूई बाहेर येते आणि घरटं करणारी पाखरं ती नेतात.

पिंजाई पुरती संपलेली नाही. दसरा झाला की उत्तर प्रदेश, राजस्थानकडचे कारागीर पिंजण यंत्र टेम्पोवर चढवून गल्लोगल्ली फिरतात, भोंग्यावरून सांगतात की जुन्या गाद्या दारात पिंजून मिळतील. नायगाव, नरसी, देगलूरच्या बाजारपेठेत जुने पिंजारीही एखाद-दुसरे अजून आहेत, बहुतेकांच्या दुकानात आता फोमच्या लाद्यांबरोबर एक यंत्र मागच्या खोलीत असतं. नगरपंचायतीने कचऱ्याच्या डेपोवर अशा एखाद्या कारागिराला छप्पर आणि वीजजोड दिला, तर कापसाच्या टाकलेल्या बऱ्याच गाद्या परत उभ्या राहू शकतात. आणि त्यांच्या रुईतून वसतिगृहांना, पूरग्रस्तांना अंथरुणं देता येतील. यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहायची गरज नाही, एका ठरावाने ते होईल.

तोवर घरच्या गादीपुरतं करता येण्यासारखं आहे. या दिवाळीत गादी बाहेर काढण्याआधी तिचा एक कोपरा चार टाके उसवून बघा. आत पांढरी किंवा पिवळट रूई असेल आणि चिमटीत ओढल्यावर धागा जरा लांबून मग तुटत असेल, तर ती पिंजायला द्या. ओढताच पीठ होत असेल, वास येत असेल किंवा आत रंगीत भुगा निघाला, तर तिची खोळ काढून घ्या आणि बाकीची जाळू नका. पिंजायला देताना काम डोळ्यांसमोर करून घ्या. जुनी रूई आधी तोलून घ्या, पिंजल्यावर परत तोला, आणि घट भरून काढायला किलो-दीड किलो नवी रूई आपणच जिनिंगवरून आणून द्या. कारागिराला चहा-पाणी द्या, तोंडाला बांधायला स्वच्छ फडकं द्या, आणि टाके मुठीच्या अंतरावर घालायला सांगा.